लाल केलेली तार

मी अठरा वर्षांची असताना एका माणसाने मला पितळाच्या एका तुकड्यावरून नापास केलं. पुढे वीसेक वर्षांनी तोच माणूस माझ्या दुकानात तार मागायला आला आणि त्याने मला ओळखलं नाही. सांगायची गोष्ट त्या तारेची आहे, पण पितळाचं आधी सांगितल्याशिवाय मी तेव्हा जशी वागले तशी का वागले ते कळणार नाही.

वडील रेल्वेत फिटर, नोकरीसाठी जळगावकडून बडोद्याला आलेले. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मला धातूची विशिष्ट उष्णता काढायची होती. प्रयोग सोपा. धातूचा तुकडा वाफेत तापवायचा, मोजलेल्या थंड पाण्यात टाकायचा, पाणी किती अंश चढलं ते बघायचं आणि गणित करायचं. माझ्या तुकड्यावर चिठ्ठी होती, ‘पितळ’. पितळाचा आकडा पुस्तकात दिलेला असतो, शून्य दशांश शून्य नऊ. माझा आला शून्य दशांश शून्य सात. आजूबाजूची मुलं पुस्तकातल्या आकड्यावरून उलटं गणित करून थर्मामीटरची वाचनं भरत होती. मी जे आलं ते लिहिलं.

सर वही बघायला आले. दांडिया बाजारातल्या जुन्या घराण्यातले, आजोबा संस्थानच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, “पुन्हा कर.”

मी पुन्हा केलं. पुन्हा सात.

“काहीतरी चुकतंय तुझं.”

“माझं नाही सर, तुमच्या तुकड्याचं चुकतंय. हे पितळ नाही.”

अख्खी प्रयोगशाळा ऐकत होती. सर म्हणाले, “तुला प्रयोग करायचाय की वाद घालायचाय?”

मी म्हटलं, “दोन्ही.”

तेवढं बोलले नसते तर कदाचित पास झाले असते. घरी वडील म्हणाले, मास्तरांशी भांडणारी पोरगी शिकून काय दिवे लावणार, आणि कॉलेजातून माझं नाव काढून घेतलं. मी मकरपुऱ्यात एका भंगारवाल्या शेठच्या गोदामात वजनं लिहायच्या कामाला लागले.

तिथे तिसऱ्या वर्षी एका बंद पडलेल्या किराणा दुकानाची जुनी पितळी वजनं आली. मजुराने एक वजन उलटं करून हातोडा मारला, तर बुडाला बसवलेली चकती उडाली आणि आत करडं शिसं. मी शेठला विचारलं, हे काय. शेठ म्हणाले, “एमां शुं नवाई? नवल काय त्यात? पितळ ओतताना वजन नेमकं येत नाही, म्हणून पोटात जागा ठेवून शिसं भरतात.” मी ते वजन हातात घेऊन उभी राहिले. कॉलेजातल्या त्या तुकड्याच्या बुडालाही अशीच गोल रेघ होती, मी दोन्ही वेळा तिच्यावरून बोट फिरवलं होतं. कुणीतरी जुन्या वजनाची मूठ कापून प्रयोगशाळेला तुकडा दिला होता. शिशाचा आकडा पितळाच्या एक तृतीयांश. पोटात शिसं असेल तर सातच येणार.

तेव्हाच जाऊन सरांना सांगायला हवं होतं. नाही गेले. राग ही एकच वस्तू अशी आहे की जी मी कधी विकायला काढली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. चार-पाच वर्षांत मी धातू ओळखायला शिकले, इतकी की शेठ मलाच विचारायचे. मग स्वतःची शेड घेतली. रासायनिक कारखान्यांतून निघालेलं निकेल, मोनेल, टायटॅनियम, जे कुणाला ओळखू येत नव्हतं तोच माझा धंदा. नवरा रिफायनरीत शिफ्टला, शांत माणूस, घरात एकानेच चिडावं असं त्याचं मत. मग आयात खुली झाली आणि परदेशातलं मिश्र भंगार पिंपं भरभरून यायला लागलं. अशाच एका लॉटमध्ये मला तारेचं एक रीळ मिळालं. मी ते निकेल म्हणून घेतलं होतं.

ती तार निकेल नव्हती. चुंबकाला चिकटेना. ग्राइंडरला लावली तर निकेल ठिणग्या टाकत नाही, आणि ही पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा फवारा सोडायची. सगळ्यात वाईट म्हणजे वाकायची नाही. बोटाभोवती गुंडाळली की गुंडाळली जायची, सोडली की सरळ. माझा माणूस म्हणाला, “बेन, आ तो भूत छे.” एकाही गिऱ्हाइकाने ती घेतली नाही. वाकून न राहणारी तार कुणाला हवी असते? दोन वर्षं ते रीळ खिळ्याला टांगलेलं होतं, आणि आमच्याकडे तिचं नावच पडलं होतं, हट्टी तार.

सर आले ते पावसाळा संपता संपता. निवृत्त झालेले, केस पांढरे, हातात कापडी पिशवी. पहिल्या शब्दाला मी आवाज ओळखला.

“बाई, निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची तार मिळेल का तुमच्याकडे? रावपुऱ्यात दातांच्या डॉक्टरांचं सामान विकतात तिथे वीतभर मिळते. मला जास्त हवी आहे.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्याची काडी बोटाभोवती चक्क गुंडाळली. सोडली. काडी सरळ झाली. “मुलाने अमेरिकेतून पाठवलाय,” ते म्हणाले. “अशी तार.”

मी खिळ्यावरचं रीळ काढून त्यांच्यासमोर टाकलं. त्यांनी टोक धरून वाकवलं, सोडलं, परत वाकवलं. म्हातारा माणूस, पण चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मी भाव सांगितला. मुद्दाम तिप्पट सांगितला.

“बरं,” ते म्हणाले.

“बरं काय? कमी करा म्हणा.”

“मला येत नाही ते.”

समोरचा घासाघीस करत नसेल तर मला पाण्यात काठी मारल्यासारखं होतं. मी विचारलं, “कशाला पाहिजे एवढी?”

मग त्यांनी सांगितलं. मी बसायला स्टूल दिलं नव्हतं, ते उभ्यानेच सांगत होते. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळतात आणि उष्णता निघते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परदेशात दोघा शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हे टेबलावरच्या बरणीत, साध्या विजेवर होतं. जगभर लोकांनी बरण्या मांडल्या. काहींना उष्णता मिळाली, बहुतेकांना नाही. मग सगळे हसायला लागले.

“आणि तुम्ही?”

“मी उशिरा सुरू केलं. त्यामुळे माझ्यावर जरा जास्त हसले. एकदा एका सभेत बोलायला उभा राहिलो तर मागून कुणीतरी चहाची किटली ठेवा म्हणालं, फुकट उकळेल.”

“आणि तारेचा काय संबंध?”

“बरणीत विजेची ऋण बाजू ज्या धातूची असते तो धातू हायड्रोजन पितो. पॅलेडियम सगळ्यात जास्त पितो. पण पिऊन फुगतो, फुगून तडकतो, आणि तडकला की प्यायलेलं गळून जातं. मला वाटतं घोडं इथेच अडलंय. फुगेल पण तडकणार नाही असा धातू हवा. हा वाकतो आणि परत येतो. अतिलवचीक म्हणतात याला.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही,” ते म्हणाले. “पुस्तकात तर असं काही होतच नाही असं आहे.”

पुस्तकातला आकडा आला नाही म्हणून ज्याने मला नापास केलं तो माणूस पुस्तकाबाहेरचा आकडा शोधत माझ्या शेडमध्ये उभा होता. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मी म्हटलं, “तार फुकट न्या. पण थर्मामीटरची वाचनं मी घेणार आणि माझ्या हाताने वहीत लिहिणार.”

“तुम्हाला थर्मामीटर वाचता येतो?”

“येतो,” मी म्हटलं. दात आवळूनच म्हटलं.

त्यांना पेन्सिलीएवढ्या जाडीचं वेटोळं करून हवं होतं. मी उद्या या म्हणाले.

आता माझी चूक. आमच्या धंद्यात तार कधी ताठ देत नाहीत. ताठ तार गिऱ्हाइकाच्या हातात उसळते, डोळ्याला लागते, शिव्या आपल्याला बसतात. म्हणून गॅसच्या ज्योतीवर लाल करायची, थंड होऊ द्यायची, की लोण्यासारखी मऊ. मी नेहमी तशीच देते, आणि त्याची फुशारकीही मारते. हट्टी तार सळईवर गुंडाळून बघितली, सुटून सरळ झाली. तीन वेळा झाली. मला राग आला. मी ती सळईला बांधली, ज्योत लावली, लालभडक केली. गार झाल्यावर वेटोळं जागच्या जागी. वरचा काळा थर पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या हातात ठेवला. ते म्हणाले, “किती सुंदर केलंत.” लाल केली हे मी सांगितलं नाही. लपवलं असं नाही. भाजीवाली भाजी धुतली हे सांगते का?

त्यांच्या घरी मागच्या बाजूच्या खोलीत प्रयोग मांडला होता. दोन थर्मास, दोन्हीत पोटॅशियम कार्बोनेट घातलेलं ऊर्ध्वपातित पाणी. एकात साध्या निकेलचं वेटोळं, दुसऱ्यात माझं. एकच वीजप्रवाह दोन्हींतून जायचा. वीज सारखी, पाणी सारखं, म्हणजे उष्णताही सारखी यायला हवी. माझ्या तारेचा थर्मास हिशेबापेक्षा जास्त तापला तर ती जास्तीची उष्णता कुठून आली हा प्रश्न. मी शेड बंद करून निजामपुऱ्याला घरी जाताना रोज संध्याकाळी स्कूटर तिकडे वळवायची, चार वाचनं घ्यायची, लिहायची.

सरांच्या पत्नीला मी काकू म्हणू लागले. त्यांचा या प्रकरणावर विश्वास नव्हता, पण रागही नव्हता. मी गेले की म्हणायच्या, “ये बाई. आमच्याकडे सूर्य उगवायचाय, तोवर गॅसवरचाच चहा घे.” दोन थर्मासना त्या जुळी म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यात खोली झाडताना त्यांच्या हातून त्यातला एक पडला, आतली काच फुटली. सर रावपुऱ्यात जाऊन त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा घेऊन आले आणि माझी तार त्यात सोडली.

तिसऱ्या आठवड्यापासून माझ्या तारेचा थर्मास एक अंशाने जास्त तापायला लागला. मग सव्वा अंश. उतरला नाही. सर रोज गणित करायचे आणि रोज थोडी उष्णता शिल्लक राहायची, जिला विजेचा हिशेब लागत नव्हता. मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग रिफायनरी बंद होणार म्हणतेस?” मी म्हटलं, “दोन-चार महिने थांब.” मला स्वतःला खरंच तसं वाटत होतं. सरांनी तर दाढीसुद्धा रोज करायला सुरुवात केली, असं काकू म्हणाल्या. दक्षिणेत एका ठिकाणी या विषयातल्या लोकांची छोटी सभा होती, तिथे निबंध वाचायला त्यांना बोलावणं आलं. त्यांनी मथळा मला वाचून दाखवला. अतिलवचीक मिश्रधातूच्या ऋणाग्रावर आढळलेली अतिरिक्त उष्णता. शेवटी नोंदींसाठी माझे आभारही होते, नाव न लिहिता, ‘एका व्यापारी बाईंचे’.

त्याच आठवड्यात पाणी बदलताना वेटोळं माझ्या चिमट्यात अडकून ताणलं गेलं. मी ते परत आकसायची वाट बघत राहिले. आकसलं नाही. अर्धवट मागे आलं आणि तसंच लोंबत राहिलं. सर दुसऱ्या खोलीत होते. मी बोटांनी दाबून ते पूर्वीसारखं केलं, पाण्यात सोडलं आणि चहा न घेता निघाले.

लाल केल्यावर तारेचा हट्ट गेला होता. सरांचा सगळा विचार ज्या गुणावर उभा होता तो गुण त्या तारेत नव्हता, आणि तो मीच काढून टाकला होता.

आठ-दहा दिवस मी गप्प राहिले. वाचनं घेत होते, लिहीत होते. खोटं कशाला बोलू, एक मन म्हणत होतं, जाऊ दे त्यांना. सभेत कुणीतरी म्हणेल, जरा वेटोळं दाखवा बघू, ताणेल, आणि ते तिथेच लोंबेल. पुन्हा किटली ठेवा म्हणतील. मग कळेल बाकाशी उभं राहून सगळ्यांसमोर खोटं ठरणं कसं असतं ते. हा विचार मला आवडत होता. पण संध्याकाळी वही उघडली की वरच्या बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘अतिलवचीक तार’. पितळाची चिठ्ठी लावलेला आणि पोटात शिसं असलेला तुकडा मला आयुष्यभर सलला. आता तसाच तुकडा मी केला होता आणि चिठ्ठीही मीच लावत होते.

सभेला दहा-बारा दिवस राहिले असताना मी सांगितलं. काकू शेंगदाणे सोलत बसल्या होत्या.

“सर, ती तार मी लाल केली होती.”

“म्हणजे?”

“ज्योतीवर. वेटोळं राहीना म्हणून. ती आता परत येत नाही. मऊ आहे.”

सरांनी चिमट्याने वेटोळं बाहेर काढलं, ताणलं, बघितलं. मग म्हणाले, “हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलं का?”

“विचारायला मला माहीत असायला हवं ना. हे प्रयोगात बसत नाही बाई. ज्याला शिस्त नाही त्याने या कामात हात घालू नये.”

तिथे माझा ताबा सुटला. मी म्हटलं, “शिस्त मला शिकवू नका. माझी वाचनं बरोबर होती तेव्हाही तुम्ही माझंच चुकतंय म्हणालात. खिडकीजवळचा बाक, पितळाचा तुकडा, दोनदा केलं, दोन्ही वेळा शून्य दशांश शून्य सात. त्याच्या पोटात शिसं होतं सर. जुन्या वजनाचा तुकडा होता तो. तुम्ही मला नापास केलंत आणि माझं शिक्षण तिथे संपलं.”

काकूंचे हात थांबले. सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओळखतील. वीस वर्षं मी त्या क्षणाचं काय काय चित्र रंगवलं होतं.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले.

याचं मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. दार वाजवत राहावं आणि आत घरच नसावं, तसं काहीसं.

त्यांनी टेबलावरचा कागद ओढला. पेन्सिलीने काहीतरी मांडायला लागले. मला वाटलं, हा माणूस आता प्रयोगाचं गणित करतोय, उठून जावं. तेवढ्यात म्हणाले, “नऊ आणि तीन. सात यायला वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं शिसं लागेल. जमतं का?”

“जमतं. मी कधीच करून बघितलंय.”

“हो, जमतं.” ते कागदाकडेच बघत होते. “मला आठवत नाही याचा अर्थ असं मी पुष्कळांशी केलं असणार.”

काकू म्हणाल्या, “चहा ठेवते,” आणि उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

चहा येईपर्यंत सरांचा चेहरा बदलला होता. “पण उष्णता तर आहे,” ते म्हणाले. “तार मऊ असली तरी वाचनं तुझीच आहेत, आणि ती सव्वा अंश जास्त आहेत. मग ते लवचीकपणामुळे नसेल. मऊपणामुळे असेल.” ते मला ‘तू’ म्हणाले होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी म्हटलं, “आधी पारडी बदला.”

“म्हणजे काय?”

“तराजूवर संशय आला की आम्ही माल डाव्या पारड्यातून उजव्यात टाकतो आणि वजनं उजव्यातून डाव्यात. खोट मालात असेल तर मालाबरोबर जाते. तराजूत असेल तर जागेवर राहते. तारा एकमेकींच्या थर्मासमध्ये टाका.”

सरांना लगेच कळलं. मलाही बोलता बोलताच कळलं होतं, कारण नवा थर्मास आल्यावर तो कसा तापतो हे आम्ही कुणीच तपासलं नव्हतं. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, म्हणजे सारखाच. धंद्यात एवढी वर्षं काढून मीही तेच धरून चालले होते. एका कारखान्याची दोन वजनं सारखी भरत नाहीत हे मला माहीत असून.

तारा बदलल्या. तीन दिवस थांबलो. साधं निकेल नव्या थर्मासमध्ये सव्वा अंश जास्त तापलं. माझी तार जुन्यात थंड बसली. उष्णता थर्मासची होती. नव्या थर्मासची काच चांगली होती, ती आतली ऊब बाहेर सोडत नव्हती, इतकंच.

मी वाचनं लिहिली. सरांनी वही ओढून घेतली, चष्मा सारखा केला, एक एक ओळ बघितली. मग टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं आणि खाली सही केली, मास्तर जर्नलवर करतात तशी. सवयीने केली असेल. मी ते पान अजून जपून ठेवलं आहे.

“आता सभेला जाणार नाही ना?” काकूंनी विचारलं.

“जाणार,” सर म्हणाले. “मथळा बदलतो.”

जायच्या आधीचे दिवस आम्ही वाया घालवले नाहीत. मी रिळावरून तारेचा एक तुकडा कापला, न तापवता. वेटोळं करायचंच नाही असं ठरवलं. प्लास्टिकच्या पट्टीवर दोन टोकांना स्क्रूने घट्ट धरून तार सरळ ताणली आणि पाण्यात सोडली. दोन्ही थर्मास आधी साध्या छोट्या हीटरने तपासून घेतले, वेगवेगळे. जास्तीची उष्णता आली नाही. एक कणही नाही. पण आठवडाभराने तार बाहेर काढून सरांनी वाकवली तेव्हा ती पापडासारखी मोडली. कट्‌ आवाज आला. जी तार दोन वर्षं मला वाकवता आली नव्हती ती.

मी म्हटलं, “संपलं.”

सर मोडलेलं टोक भिंगाखाली धरून होते. “संपलं कसं? ती प्यायली आहे. भरपूर प्यायली आहे, म्हणून मोडली. पॅलेडियम फुगून तडकतं, ही पिऊन ठिसूळ होते. माझी समजूत चुकली, की वाकणारा धातू तडकणार नाही. पण पितो हे तर दिसलं. पिऊन न मोडणारा शोधायचा.”

“आणि मिळाला तरी उष्णता येईल?”

“माहीत नाही,” ते म्हणाले. एवढं सरळ उत्तर मला त्या कॉलेजात एकानेही दिलं नव्हतं.

ते सभेला गेले. परतले त्या संध्याकाळी स्टेशनवरून घरी न जाता थेट माझ्या शेडवर आले, पिशवी खांद्याला तशीच. या वेळी मी स्टूल पुढे केलं.

“हसले का?”

“सुरुवातीला थोडे. मी लाल केलेल्या तारेचं सांगितलं तेव्हा. मग थर्मासचं सांगितलं तेव्हा गप्प झाले. दोघं-तिघं उठून बाहेर गेले. मला वाटतं घरी फोन करायला, आपापले थर्मास तपासायला.”

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

“तुझं सांगितलं,” ते म्हणाले. “पारडी बदलण्याचं. नाव विचारलं त्यांनी. सांगितलं.” मग पिशवीतून एक पाकीट काढलं. सभेत धातुशास्त्रातला एक तरुण माणूस त्यांना भेटला होता. मोडलेल्या तारेचा तुकडा त्याने मागून घेतला आणि बदल्यात दुसऱ्या मिश्रणाची तार दिली, थोडं वेगळं प्रमाण, तिसरा एक धातू मिसळलेला. वीतभर लांब, केसापेक्षा थोडी जाड. मी ती बोटाभोवती गुंडाळली. सोडली. सरळ झाली.

“ही लाल करायची नाही,” सर म्हणाले.

“नाही करणार. आणि तुम्ही थर्मास बदलला तर मला त्याच दिवशी सांगायचं.”

“सांगेन.”

“आणि वाचनं माझीच.”

“तुझीच,” ते म्हणाले. मग विचारलं, “यात घासाघीस नाही?”

मी म्हटलं, “तुम्हाला येत नाही ना.” शटर ओढलं आणि स्कूटर काढली. ते पाकीट दोन्ही हातांत धरून मागे बसले. दांडिया बाजारात काकू वाट बघत असणार होत्या, आणि थर्मास धुऊन ठेवायचे होते.